‘आता वजा सुरू’: एका घरच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवते. कंट्रोलर म्हणजे विहिरीवरच्या शेडमध्ये, स्टार्टरच्या शेजारी लावलेली पेटी. ती मोटर चालू-बंद करते, प्लॉटनिहाय व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते, खताचा पंप चालवते, फिल्टर धुते. गिऱ्हाईक बहुतेक दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतले द्राक्ष बागायतदार. मी तिथे सॉफ्टवेअरचं काम बघत होते. कंपनी किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील इथे बदलले आहेत. बिघाड मात्र जसा होता तसाच मांडला आहे.

पेटीतला प्रोग्रॅम थेट सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला नव्हता. कंपनी सुरू करणाऱ्या सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःची एक छोटी भाषा तयार केली होती. तिला इथे ‘पाट’ म्हणते. पाणी कोणत्या क्रमाने सोडायचं हे आमच्याकडे कृषी पदविका झालेली मुलं लिहायची. त्यांच्या हातात सी द्यायची सरांची तयारी नव्हती आणि ते बरोबरच होतं. पाटमध्ये पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) नाहीत, चालू असताना मेमरी मागायची सोय नाही, रिकर्शन (एखाद्या भागाने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) नाही आणि प्रत्येक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, किती वेळा फिरणार हे आधीच लिहावं लागतं. बाकी ती चिपच्या अगदी जवळची भाषा आहे: आठ बिटांचा आकडा, सोळा बिटांचा आकडा, पिन (चिपचा पाय) चालू, पिन बंद. पाटचा कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्रॅम, पाटचं सी करतो आणि पुढे सीचा कंपायलर चिपचा कोड करतो. पाटमधली वजाबाकी सीमध्ये वजाबाकी म्हणूनच, जशीच्या तशी उतरायची. सगळं पाणी इथेच मुरलं होतं.

जुनी चिप आठ बिटांची होती, ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम असलेली. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला, आमची चिप मिळेना, म्हणून आम्ही ३२ बिटांच्या एआरएम चिपवर गेलो. ड्रायव्हर नव्याने लिहिले, पाटचे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केले. टेबलावर सगळं चाललं. दोन आठवड्यांत नवी पेटी तयार झाली याचा आम्हाला सगळ्यांनाच अभिमान वाटला होता.

घटना

त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, निफाड तालुक्यातल्या एका काकांचा सकाळी सातला फोन आला. मण्यांत पाणी उतरलेलं, काढणी तोंडावर आलेली. या दिवसांत बागेला पाणी मोजूनमापून द्यावं लागतं, जास्त झालं तर मणी तडकतात. त्या आठवड्यात थ्री-फेज लाईट रात्रीची होती. पहिल्या प्लॉटला चाळीस मिनिटं पाणी देऊन पेटीने दुसऱ्या प्लॉटवर जायचं होतं. ती गेलीच नाही. पहिला व्हॉल्व्ह रात्री साडेअकराच्या सुमारास उघडला आणि सकाळी सहाला लाईट गेली तेव्हा मोटर थांबली. साडेसहा तास पाणी एकाच प्लॉटला, बाकीचे तीन कोरडे.

“ताई, मी झोपलो ते तुमच्या पेटीच्या भरवशावर,” एवढंच काका म्हणाले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आमचा पहिला अंदाज नेहमीचाच होता: व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असणार. व्हॉल्व्ह बदलून दिला. आठवड्याभरात दिंडोरीकडून तशीच तक्रार आली, मग तिसरी. प्रत्येक वेळी पेटी काढून ऑफिसात आणायची, टेबलावर लावायची आणि ती बिनचूक चालायची. दवाखान्याच्या दारात पोचताच पोराचा ताप उतरावा, तसं.

धागा सापडला तो फील्डवर फिरणाऱ्या आमच्या टेक्निशियन दादांना. ते म्हणाले, “मॅडम, हे बॅटरीवाल्यांनाच होतंय. साध्या पेटीवाल्याची एकही तक्रार नाही.” बॅटरी बॅकअपची पेटी आम्ही त्याच हंगामात आणली होती. साधी पेटी लाईट गेली की बंद पडते आणि आली की नव्याने सुरू होते. बॅटरीवाली पेटी बंद पडतच नाही.

कारण

पेटीत सेकंद मोजणारा एक सोळा बिटांचा काउंटर आहे. तो ६५,५३५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे फेरा घेतो, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा यायचा तसा. ६५,५३६ सेकंद म्हणजे १८ तास १२ मिनिटं १६ सेकंद. व्हॉल्व्ह बंद करायची ओळ मराठीत लिहायची तर अशी होती: जर ‘आता वजा सुरू’ हे ‘मुदती’पेक्षा कमी नसेल, तर व्हॉल्व्ह मिटा. ‘आता’ म्हणजे काउंटरचा चालू आकडा, ‘सुरू’ म्हणजे व्हॉल्व्ह उघडतानाचा.

काकांच्या पेटीतलेच म्हणावेत असे आकडे घेऊ. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा काउंटर ६४,१०० वर होता, मुदत २,४०० सेकंद. वीसेक मिनिटांनी, म्हणजे १,४३६ सेकंदांनी, काउंटर शून्यावर आला. जुन्या चिपवर सीचा ‘इंट’ (पूर्णांकाची नेहमीची जात) सोळा बिटांचा, म्हणून शून्य वजा ६४,१०० ही वजाबाकीही सोळा बिटांतच व्हायची, फेरा घ्यायची आणि १,४३६ असं बरोबर उत्तर द्यायची. नव्या चिपवर ‘इंट’ ३२ बिटांचा. सीचा नियम असा की इंटपेक्षा लहान आकडे गणिताआधी इंटमध्ये बढती घेतात. त्यामुळे उत्तर आलं उणे ६४,१००. उणे आकडा २,४०० पेक्षा कमीच. पुढे काउंटर चढत चढत ६५,५३५ पर्यंत गेला तरी फरक जास्तीत जास्त १,४३५ व्हायचा. ती अट कधीच खरी होणार नव्हती.

जुन्या चिपवर ती ओळ बरोबर चालत होती, पण ती बरोबर असावी अशी तजवीज कोणी केलेली नव्हती. आणि टेबलावर बिघाड का दिसला नाही? कारण ऑफिसचा मेन स्विच रोज संध्याकाळी सातला बंद व्हायचा. आमच्या टेबलावरची कुठलीही पेटी सलग अठरा तास कधी चाललीच नव्हती. शेतातल्या साध्या पेट्यांना आजवर लाईट जाण्यानेच वाचवलं होतं.

हा प्रकार जगावेगळा नव्हता. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरचे कंट्रोल युनिट एका काउंटरच्या ओव्हरफ्लोमुळे (आकडा मर्यादेबाहेर गेल्यामुळे) सुरक्षित अवस्थेत जाऊन वीज तोडू शकतात, म्हणून ठरावीक काळाने वीज बंद करून पुन्हा चालू करा. आम्हीही तातडीने तेच केलं. बॅटरीवाल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की पेटी रोज संध्याकाळी, पाण्याची पाळी लागायच्या आधी, एकदा बंद करून चालू करा. फोन करताना कारणही सांगावं का, यावर ऑफिसात वाद झाला. सरांनी ठरवलं की सांगायचं. दोन दिवस मी आणि दादा फोनवरच होतो.

पर्याय

एका ओळीची दुरुस्ती सोपी होती. पाटच्या कंपायलरने वजाबाकीचं उत्तर पुन्हा सोळा बिटांत कोंबलं की काम झालं. ते आम्ही त्याच आठवड्यात केलं आणि दादांनी मोटारसायकलवरून गावोगाव फिरून पेट्यांमध्ये नवा प्रोग्रॅम भरला. प्रश्न होता तो यापुढचा: असं आणखी कुठे कुठे लपलंय?

पाट सोडून सीमध्ये लिहायचं आणि सुरक्षित सी कसं लिहावं याचे ‘मिस्रा सी’ नियम लावायचे, हा एक मार्ग होता. वाहन उद्योगातून १९९८ मध्ये आलेले हे नियम आज इतर क्षेत्रांतही मानले जातात. पण मी ती नेमकी ओळ सीमध्ये लिहून जीसीसी या सीच्या कंपायलरचे नेहमीचे सगळे इशारे चालू करून पाहिली. एकही इशारा आला नाही, कारण सीच्या नियमांप्रमाणे त्या ओळीत काहीच चूक नाही. दुसरा मार्ग रस्ट या दुसऱ्या भाषेचा. रस्टमध्ये लहान आकड्यांना अशी गुपचूप बढती मिळत नाही, हे मला फार आवडलं होतं. पण ‘आता वजा सुरू’ ही ओळ रस्टच्या डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या प्रतीत) फेऱ्यापाशी प्रोग्रॅम थांबवेल आणि रिलीज बिल्डमध्ये (गिऱ्हाइकाला द्यायच्या प्रतीत) फेरा घेऊन बरोबर चालेल. म्हणजे लिहिणाऱ्याने ‘मला फेरा हवाच आहे’ हे तिथेही वेगळं सांगावं लागतंच. शिवाय आम्ही सॉफ्टवेअरचे चौघे, आणि क्रम लिहिणारी मुलं वेगळी. त्यांना रस्ट शिकवणं त्या वर्षी जमणारं नव्हतं. तिसरा मार्ग पाट सुधारण्याचा आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम न चालवता कोड तपासणारं साधन, म्हणजे चेकर, लिहिण्याचा.

सरांना तिसरा मार्ग हवा होता, पण अर्धाच. ते म्हणाले, “भाषेत दोष नाही, सीचा आहे. चेकर लिही, भाषेला हात नको.” मला ते तेव्हा पटलं. पुढच्या नियोजनातली सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

पहिला प्रयत्न: आधी चेकर

नियम साधा ठेवला होता. सोळा बिटांच्या ज्या गणिताचं उत्तर मर्यादेबाहेर जाऊ शकतं, त्या प्रत्येक ठिकाणी इशारा. पहिल्याच रात्री चारशेच्या वर इशारे आले. जवळपास सगळे निरर्थक. व्हॉल्व्हची मुदत चार तासांच्या वर कधीच नसते हे आम्हाला माहीत होतं, चेकरला नव्हतं. इशारा गप्प करायला ओळीपुढे ‘ठीक’ असं लिहायची सोय मी केली होती. तीन आठवडे आम्ही ‘ठीक’ लिहीत बसलो. पहिल्या दिवशी प्रत्येक ओळ वाचून, दहाव्या दिवशी नजर फिरवून, शेवटी शेवटी नुसतं कॉपी-पेस्ट.

कुठलाही चेकर सगळे दोष पकडणार आणि एकही खोटा इशारा देणार नाही, असं सर्वसाधारण भाषेसाठी होऊच शकत नाही. संगणकशास्त्रातल्या राईसच्या प्रमेयाने १९५३ मध्येच ते दाखवून दिलं. पण आमची अडचण तेवढी खोल नव्हती. ‘आता वजा सुरू’मध्ये फेरा हवा आहे. ‘टाकीतलं खत वजा वापरलेलं खत’ यात फेरा म्हणजे अनर्थ आहे. पाटमध्ये दोन्ही ओळी सारख्याच दिसत होत्या. लिहिणाऱ्याच्या मनातला फरक कागदावर उतरवायला भाषेत जागाच नव्हती, आणि कागदावर नसलेलं चेकर वाचणार कुठून?

हे मी सरांना सांगितलं. “सर, पाटमध्ये वजाबाकी म्हणजे काय, हे आपण लिहिलंय कुठे?” त्यांनी त्यांची जुनी वही काढली. तीत प्रत्येक आज्ञेचं वर्णन होतं, प्रत्येक पिनचं होतं. बेरीज-वजाबाकीचं पान नव्हतं. बराच वेळ ते वही चाळत राहिले. मग म्हणाले, “बस, लिहू आज.” ते पान लिहायला आम्हाला दोन दिवस लागले आणि माझ्या मते सगळ्या कामातलं तेच मोलाचं काम होतं.

भाषेतले बदल

आकड्यांच्या दोन जाती केल्या. पहिली ‘घड्याळ’: ही फेरा घेते. दोन घड्याळांची वजाबाकी करता येते आणि उत्तर ‘कालावधी’ येतं. दोन घड्याळांची बेरीज होत नाही, आणि ‘हे घड्याळ त्या घड्याळापेक्षा मोठं का’ हेही विचारता येत नाही, कारण गोल डायलवर मोठं-लहान असं काही नसतं. दुसरी जात ‘राशी’: हिला किमान आणि कमाल लिहावीच लागते. व्हॉल्व्हची मुदत ० ते १४,४०० सेकंद, आर्द्रतेचं रीडिंग ० ते ४,०९५, असं. राशीला फेरा घ्यायची परवानगी नाही.

कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नव्हती. अडा भाषेत फेरा घेणारे आकडे १९९५ च्या आवृत्तीपासून वेगळ्या जातीचे आहेत, आणि झिग भाषेत फेऱ्याच्या बेरजेचं चिन्हच वेगळं आहे. आम्ही ते आमच्या शेतात लावलं, एवढंच. सेकंद-मिनिटं आणि लिटर यांची एककंही जातीत घेतली. त्यावर फारशी चर्चा झाली नाही, सगळ्यांनाच ती हवी होती.

खरी चर्चा झाली ती दोन गोष्टींवर. पहिली, जुन्या प्रोग्रॅमचं काय? रस्टमध्ये २०१८ पासून ‘एडिशन’ची पद्धत आहे, जुना कोड जुन्या नियमांनी कंपाइल होतच राहतो. मला तेच हवं होतं. पण आमच्या जुन्या पाटला चिपगणिक वेगळा अर्थ होता! शेवटी ठरलं की जुन्या नियमांची फाइल फक्त जुन्या चिपसाठी कंपाइल होईल, नव्या चिपसाठी नवेच नियम. काम वाढलं, पण मी आजही याच बाजूची आहे.

दुसरी, राशी चालू असताना मर्यादेबाहेर गेलीच तर काय? “थांबवा” हे तोंडात येणारं उत्तर. ४ जून १९९६ ला एरियान-५ या युरोपीय रॉकेटचं पहिलंच उड्डाण असंच संपलं होतं. ६४ बिटांचा आकडा सोळा बिटांत मावला नाही, दिशा सांगणारं युनिट दोष नोंदवून थांबलं, आणि तेच सॉफ्टवेअर असलेलं राखीव युनिट त्याच कारणाने आधीच थांबलेलं होतं. थांबायचं असेल तर कोणत्या क्रमाने, हे ठरलेलं हवं. हे आमच्यात दादांनी सगळ्यात नेमकं सांगितलं: “आधी व्हॉल्व्ह मिटले आणि मोटर चालू राहिली, तर पाइपलाइन फुटेल.” म्हणून भाषेतच ‘संकट’ नावाचा भाग सक्तीचा केला. आधी मोटर बंद, दहा सेकंदांनी व्हॉल्व्ह बंद, मग लाल दिवा. हा भाग नसलेला प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

दुसरा चेकर

आता चेकर लिहिणं सोपं गेलं. प्रत्येक आकड्याची किमान-कमाल घ्यायची आणि गणिताच्या प्रत्येक पायरीवर ती पुढे न्यायची. पॅट्रिक आणि रादिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे सगळ्यात साधं रूप. मोठ्या भाषांत लूप आणि पॉइंटर यांपाशी ही पद्धत अडखळते. पाटमध्ये पॉइंटर नाहीत आणि लूपची संख्या आधीच लिहिलेली असते. सरांनी ज्या सोयी मुद्दाम दिल्या नव्हत्या, त्यांच्यामुळेच चेकरला नेमकं उत्तर देता आलं.

चारशेच्या जागी एकवीस इशारे आले. त्यातला एक फिल्टरचा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक सांगणारा सेन्सर आहे. त्याची ६४ रीडिंग सोळा बिटांत बेरीज करून सरासरी काढायची, आणि ती १,२०० च्या वर गेली की फिल्टर धुवायचा. जुन्या चिपचं रीडिंग दहा बिटांचं, कमाल १,०२३, आणि तिथे हद्द ३०० ची होती. ६४ गुणिले १,०२३ म्हणजे ६५,४७२. मावतं, फक्त ६३ शिल्लक राहतात. नव्या चिपचं रीडिंग बारा बिटांचं, कमाल ४,०९५. आम्ही हद्द चौपट केली, बेरजेकडे पाहिलंच नाही. स्वच्छ फिल्टरचं रीडिंग ६०० च्या आसपास, तोवर सगळं ठीक. फिल्टर तुंबून रीडिंग १,१०० झालं की बेरीज ७०,४००. त्यातून ६५,५३६ गेले, उरले ४,८६४, आणि सरासरी ७६. तुंबलेला फिल्टर पेटीला नव्याहून स्वच्छ दिसत होता! वेळेनुसार धुण्याची दुसरी सोय होती, म्हणून बागा वाचल्या.

त्या ओळीपुढे ‘ठीक’ लिहिलेलं होतं. तारीख पाहिली, बारावा दिवस, नाव माझं.

निष्पत्ती

एकवीसपैकी तीन खरे दोष निघाले. उरलेल्या अठरा ठिकाणी मर्यादा ढिली लिहिली होती, ती आवळल्यावर इशारे गेले. ‘ठीक’ आता आहे, पण त्यापुढे कारण लिहावं लागतं आणि दुसऱ्या माणसाची सही लागते. क्रम लिहिणाऱ्या मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली की प्रत्येक राशीला कमाल कुठून आणायची. त्यासाठी त्यांना बागायतदारांना विचारावं लागलं, एका पाळीत जास्तीत जास्त किती वेळ पाणी देता म्हणून. त्या उत्तरांतून दोन जुन्या क्रमांतल्या मुदतीच चुकीच्या होत्या हे कळलं. हा फायदा आम्ही धरलेला नव्हता. निफाडच्या काकांना कंपनीने नुकसानीपोटी पैसे दिले. पेटी त्यांनी ठेवली, पण पुढचा पूर्ण हंगाम रात्री उठून व्हॉल्व्ह बघायला ते जात होते, असं दादा सांगायचे.

काय वेगळं करता आलं असतं

चिप बदलली तेव्हाच गणिताचं ते पान लिहायला बसायला हवं होतं. ‘पुन्हा कंपाइल केलं, चाललं’ याला आम्ही पोर्टिंग, म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्या चिपवर नेणं, म्हणत होतो. चेकरला दिलेले पहिले तीन आठवडेही वाचले असते. शंभरावर इशारे दिसले त्याच दिवशी थांबून ‘भाषेत काय कमी आहे’ असं विचारायला हवं होतं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय मला फार उशिरा कळला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे करनेलमधला, वेळ मोजणारा काउंटर मुद्दाम शून्यापासून सुरू करत नाहीत. संगणक चालू झाल्यावर पाच मिनिटांतच त्याचा फेरा यावा अशा आकड्यावर तो ठेवतात, म्हणजे फेऱ्याचे दोष लिहिणाऱ्याच्या टेबलावरच उघडे पडतात. आमचा काउंटर आता ६५,२३६ पासून सुरू होतो. ती एक ओळ पहिल्या दिवसापासून असती, तर संध्याकाळी सातला मेन स्विच बंद करूनही चाललं असतं.

एक गोष्ट अजून उरली आहे. पाटची ती वही अजून एकच आहे आणि ती सरांच्या कपाटात असते. तिची टाइप केलेली प्रत करायचं काम निम्म्यावर आहे. पिनांची पानं झाली, खताच्या पंपाची बाकी आहेत.